खेळातून शिकवायचं हे आलं कुठून? शिवोली ते मेडेयिन

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झाली की शेतं पोरांची. दोन बांबू रोवले की गोल, मेर, म्हणजे शेताचा बांध, ही टचलाइन, आणि वायंगणाची, म्हणजे हिवाळी पिकाची, नांगरणी सुरू होईपर्यंत तिथून कोणी उठवत नाही. मी दर रविवारी सकाळी दहा-बारा वर्षांच्या पोरांना तिथे खेळवतो आणि पालक भेटले की एक वाक्य ठरलेलं असतं, "सर, खेळू दे त्याला, पण जरा शिस्त लागली पाहिजे." इतक्या वेळा ऐकलं की वाटलं, बॉलला लाथ मारण्याचा आणि शिस्तीचा संबंध पहिल्यांदा कोणी जोडला ते एकदा बघूयाच.

गोव्यापुरतं बोलायचं तर सुरुवात 1883 ची. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे पाद्री तब्येत सुधारायला शिवोलीत येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवला. पुढे हडफड्याला सेंट जोसेफ शाळा काढली तिथेही तेच. खेळ त्यांच्यासाठी टाइमपास नव्हता, चांगला ख्रिस्ती माणूस घडवायच्या शिक्षणाचा तो भाग होता. नंतर पाद्र्यांनी आणि शाळामास्तरांनी तो गावोगाव नेला. म्हणजे गोव्यात फुटबॉल आला तोच मुळी धडा म्हणून आला, आवड मागनं लागली.

लायन्सनी हे आणलं ते इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांच्या विचारातनं. तिथे सगळे रग्बी शाळेच्या थॉमस अर्नोल्डचं नाव घेतात, 1828 ते 1841 तो हेडमास्तर होता, पण गंमत म्हणजे त्याला स्वतःला खेळात फारसा रस नव्हता, त्याचं लक्ष धर्म आणि नीती ह्यावर. खेळाचं श्रेय त्याच्या नावावर नंतरच्या लोकांनी लावलं. खरं काम केलं ते त्याच्याच हाताखाली शिकवलेल्या जॉर्ज कॉटनने. मार्लबरो शाळेत 1851 मध्ये पोरांनी बंड केलं होतं, शाळा सुटली की पोरं रानोमाळ भटकायची, गावकऱ्यांच्या तक्रारी यायच्या. 1852 मध्ये कॉटन हेडमास्तर झाला आणि त्याने साधा उपाय काढला, दुपारी सगळ्यांनी शाळेच्याच मैदानावर खेळायचं. दमलेलं पोर भानगडी करत नाही एवढं साधं गणित. हाच कॉटन पुढे कलकत्त्याचा बिशप झाला, शिमल्याची बिशप कॉटन शाळा त्याच्याच नावाची. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण "खेळाने शिस्त लागते" ह्या वाक्याचा जन्म मास्तरांच्या डोकेदुखीतून झालाय, मुलाला काय हवं हे तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.

न विचारता शिकवलं की काय होतं ते बघायचं तर श्रीनगरला जावं लागतं. सेसिल टिंडेल-बिस्को हा मिशनरी 1890 मध्ये तिथल्या शाळेत आला आणि पुढच्या वर्षी त्याने मुलांसमोर फुटबॉल ठेवला. बहुतेक पोरं पंडितांच्या घरातली, बॉल चामड्याचा, त्याला पाय लावायला कोणी तयार होईना. बिस्कोने मास्तरांना काठ्या घेऊन उभं केलं आणि खेळ सुरू करायला लावला. एका मुलाच्या तोंडावर बॉल बसला, बाटलो म्हणून तो रडायला लागला, तर त्याला कालव्यावर नेऊन तोंड धुवून आणलं आणि खेळ पुढे चालू. हे वाचताना मला त्या पोराचा चेहरा दिसतो, दुसरं काहीच दिसत नाही. आणि तरी हेही खरं की त्याच शाळेची मुलं पुढे पुरात होड्या घेऊन लोकांना वाचवायला गेली, कॉलराच्या काळात त्यांनी गल्ल्या साफ केल्या. मग धडा काठीने शिकवला का होडीने? माझं मत होडीने, कारण होडीत बसल्यावर शेजारचा वल्हवतो म्हणून आपण पुढे जातो हे हाताला कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मराठीत हा विचार साहेबाकडून आला असं मात्र नाही. समर्थांनी मारुती स्थापले ते बलोपासनेसाठी, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी बाळंभट्ट देवधरांनी मल्लखांब रुजवला, आणि तालमीत मातीला नमस्कार केल्याशिवाय कोणी आत जात नाही. फक्त तिथला धडा वेगळा, शरीर कमव आणि उस्तादाचं ऐक. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्याला देशाचं काम जोडलं गेलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, त्याच वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसवले, आणि 1936 मध्ये अमरावतीच्या मंडळाने बर्लिनला हुतूतू खेळून दाखवला. हुतूतूचा जुना संजीवनी प्रकार मला फार आवडतो, त्यात तू मेलास तरी आपल्यातल्या कोणीतरी समोरचा गडी मारला की तू जिवंत होऊन परत आत येतोस. चूक तुझी, भरपाई दुसऱ्याच्या दमावर. दहा वर्षांच्या पोराला मैत्री समजवायला ह्याहून सोपं काय असणार.

मुक्तीनंतर गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावागावात मराठी प्राथमिक शाळा नेल्या. भाऊसाहेब स्वतः खेळाचे वेडे, त्यांच्या नावाची फुटबॉलची गोल्ड ट्रॉफी 1970 पासून सुरू झाली. 2012 मध्ये फुटबॉल राज्याचा खेळ झाला, 2023 मध्ये नॅशनल गेम्स इथे झाल्या. मैदानं झाली, ट्रॉफ्या आल्या, पण धड्याचं काय हा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला असं मला वाटतं.

त्यावर खरा नवा विचार झाला तो दूर, गरीब वस्त्यांत. नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत 1987 मध्ये पोरांची लीग सुरू झाली, तिथे वस्तीतला कचरा काढला की टीमला लीग टेबलात पॉइंट मिळतात. आपल्याकडे मुंबईत 1999 मध्ये मॅजिक बस ही खेळातून पोरांना शिकवणारी संस्था, नागपुरात विजय बारसे सरांचं झोपडपट्टी फुटबॉल. आणि कोलंबियातलं मेडेयिन. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला, घरी परतल्यावर मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. त्या हादऱ्यातून तिथे युर्गन ग्रिसबेक ह्या जर्मन माणसाने लोकांना घेऊन गल्लीतलं वेगळं फुटबॉल सुरू केलं. रेफ्री नाही. मुलं-मुली एकत्र, आणि पहिला गोल मुलीनेच मारायचा. मॅचचे तीन भाग, आधी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग परत बसून कोण कसं वागलं ते बोलायचं आणि त्याचेही पॉइंट. म्हणजे दीडशे वर्षांत पहिल्यांदा शिट्टी मोठ्यांच्या तोंडातून काढून घेतली.

आम्ही गेल्या डिसेंबरपासून हे शेतात करून बघतोय. पहिल्या दिवशी काजूच्या झाडाखाली रिंगण करून बसलो, पाच मिनिटं कोणी बोलेना, पोरं पायाला चिकटलेला चिखल सोलत बसली. मग एकजण खाली मान घालून म्हणाला, "सर, तो दुसरा गोल, बॉल माझ्या हाताला लागलेला." समोरची टीम गप्प. मग त्यातलाच एक म्हणाला, "आम्ही बघितलेलं रे."

मेरेवर दोन मुली रोज बसून बघायच्या, भावांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा बाटल्या आणि चपला मेरेवर होत्या, आणि त्या दोघी शेतात उभ्या राहून पोरांशी भांडत होत्या, पहिला गोल आज कोण मारणार ह्यावरून.