कोनफळाचा वेल परसातून गॅलरीत कसा आला

दिवाळी सरली की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात, मोठ्या गाळ्यांच्या कडेला बसणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत मातीने माखलेली कोनफळं आणि कणगरं, शिवाय करांदे दिसायला लागतात. हेच कंद आता घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंत हौशी माणसं गॅलरीतल्या ड्रममध्ये लावतात आणि त्यांना ‘वेगळ्या भाज्या’ म्हणतात. हा ‘वेगळ्या’ शब्द मला खटकतो. इथल्या मातीला या वेलांइतकं ओळखीचं दुसरं फारसं काही नाही.

तिन्ही एकाच कुळातले. कोनफळाच्या खोडाला चार कडा असतात आणि त्यांवर पातळ पंखासारख्या पट्ट्या. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘अलाटा’ म्हणजे पंखवाला हा शब्द आला. ते नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. कोनफळ आधारावर उजवीकडे वळत चढतं, कणगर आणि करांदा डावीकडे. कणगराच्या वेलाला काटे असतात. करांद्याचे खायचे कंद मातीत नव्हे, वेलावर पानांच्या बेचक्यात लोंबतात. आयुर्वेदातला वाराहीकंद तो हाच. रानातला करांदा मात्र कडू आणि घातक असतो. आदिवासी पाड्यांवर तो राख घालून उकडतात, काप करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच खातात. ही रीत कोणत्या प्रयोगशाळेतून आलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या पोटाला बसलेल्या चिमट्यातून आलेली आहे.

आता उपासाचं ताट बघा. बटाटा आणि रताळं, दोन्ही मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आले. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली, ठाणंही त्याच मुलखात मोडायचं. मराठ्यांनी ठाणं १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांचा ‘बटाटा’ हा शब्द आणि ती भाजी दोन्ही राहिली. बटाटा साठवायला सोपा, सोलायला सोपा, बारमाही मिळणारा. त्याच्यापुढे वर्षातून एकदाच निघणारा, चिकट, वेडावाकडा कंद मागे पडला, यात नवल नाही. तरी वसई-पालघरकडच्या उकडहंडीत, म्हणजे कंद-शेंगांच्या मिश्र भाजीत, आजही कोनफळ लागतंच, आणि नुसत्या मिठात उकडलेलं कणगर ज्याने खाल्लंय त्याला त्याची चव वेगळी सांगावी लागत नाही.

खरा फटका बसला तो परस गेल्यामुळे. आगरी-कोळी घरामागे शेवगा किंवा आंब्याच्या आधाराने कंदाचा वेल सोडलेला असायचा. त्यासाठी वेगळं वावर लागत नसे. सांडपाणी, चुलीतली राख आणि केरकचरा एवढ्यावर तो पोसला जायचा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली आणि शहर वाढत गेलं. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं, त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेट. १९७० मध्ये नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. मोबदला शेताचा मोजला गेला, मिठागराचा मोजला गेला. परसातल्या वेलाची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर असणार? घर राहिलं तिथेही परसाच्या जागी दुसरी खोली, मग चाळ, मग चार मजले उभे राहिले. बेणं, म्हणजे लावणीसाठीचा कंदाचा तुकडा, घरातच पुढच्या वर्षासाठी राखायचं, ही साखळी एक पावसाळा चुकला तरी तुटते. अशी ती घराघरांत तुटली.

संशोधनाच्या बाजूने मात्र हे कंद अगदी पोरके नव्हते. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संस्था आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण घोरकंद’ ही कोनफळाची आणि ‘कोकण कांचन’ ही कणगराची जात दिली.

गॅलरीतला ड्रम म्हणूनच मला नवा छंद वाटत नाही, हरवलेला परस वाटतो. त्याच्या गरजाही त्याच आहेत. तळाला भोकं पाडलेला खोल ड्रम, भुसभुशीत माती, शेणखत आणि चढायला ग्रिल किंवा दोरी. मेअखेर किंवा मृगाच्या आसपास कोंब आलेला तुकडा लावायचा. पावसाळाभर वेल नुसता पसरतो आणि लावणारा धीर सोडतो. कंद खरा भरतो तो पाऊस ओसरल्यावर. त्यामुळे दिवाळीत उकरून बघायचा मोह आवरायला हवा. पानं पिवळी पडून वेल पुरता वाळला, की साधारण मार्गशीर्ष-पौषात ड्रम आडवा करून माती हाताने मोकळी करायची. फावडं लागलं तर कंद कापला जातो आणि कापलेला टिकत नाही.

सगळा कंद मात्र चुलीवर चढवायचा नाही. वेल जिथून फुटला होता तो वरचा डोक्याकडचा भाग कापायचा, कापलेल्या बाजूला राख चोळायची आणि तो सावलीत, कोरड्या जागी ठेवून द्यायचा. मे महिन्यात तोच आधी कोंब धरतो.