‘नवीन पेशंट’ दाबण्याआधी शोध का? आमच्या ओपीडी सॉफ्टवेअरच्या ग्राहकांसाठी

नवीन नोंदणीआधी येणारा शोधाचा पडदा काढून टाका, अशी मागणी आमच्याकडे सतत येते. बाहेर रांग लागलेली, फोन वाजतोय, अशा वेळी एक पायरी जास्तीची वाटते हे आम्हाला कळतं. तरी तो पडदा आम्ही काढत नाही. आमचा सर्वांत जास्त वेळ जी चूक निस्तरण्यात जातो, ती तिथेच होते : एकाच पेशंटची दोन खाती.

आडनाव एकदा ऱ्हस्व लिहिलं, पुढच्या वेळी दीर्घ. मोबाइल मागच्या खेपेला मुलाचा दिला होता, आज स्वतःचा. जन्मतारीख आठवेना म्हणून 1 जानेवारी टाकली. अर्ध्या मिनिटात नवं खातं तयार होतं आणि डॉक्टरांसमोर कोरा केसपेपर उघडतो.

एका दवाखान्यातून फोन आला, ‘ॲलर्जीची सूचना का आली नाही?’ पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या खात्यात लाल अक्षरांत होती. पेनिसिलिनच्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिन लिहिलं गेलं नव्या खात्यात, तिथे ॲलर्जीचा रकाना रिकामा. पेशंटच्या मुलीला आठवलं म्हणून गोळी पोटात गेली नाही. त्या दिवसापासून या बाबतीत आम्ही हट्टी झालो आहोत.

रिपोर्टचंही तसंच. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.8, मग 1.1, मग 1.4 असं चढत गेलेलं एका आलेखात लगेच नजरेत भरतं. दोन खात्यांत विभागलं की शेवटचा आकडा एकटाच दिसतो. अमेरिकी डॉक्टर-संशोधक क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांच्या 1976 च्या अभ्यासात संगणकाची सूचना मिळाल्यावर डॉक्टरांनी 51 टक्के बाबींवर कृती केली, सूचना नसताना 22 टक्के. पण सूचना त्याच खात्यातली माहिती वाचून निघते.

म्हणून रिसेप्शनवर नाव आणि जन्मतारीख पेशंटलाच सांगू द्या. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं की घाईत माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मग नावाची पहिली तीन अक्षरं आणि जन्मवर्ष टाकून शोधा. नुसत्या मोबाइलवर विसंबू नका, एका नंबरावर अख्खं घर नोंदलेलं असतं. तारीख माहीत नसेल तर ‘अंदाजे वय’ निवडा, 1 जानेवारी नको.

दुसरं खातं सापडलं तर ते डिलीट करू नका, त्यातही औषधं आणि रिपोर्ट असतात. दोन्ही खाते क्रमांक आम्हाला कळवा. ‘एकत्र करायला एक दिवस का लागतो?’ हा प्रश्न नेहमीचा. आमच्याकडे दोन माणसं स्वतंत्रपणे पडताळणी करतात आणि शेवटची संमती तुमच्या डॉक्टरांची घेतो. चुकून दोन वेगळ्या माणसांची खाती एक झाली, तर कोणतं औषध कोणाचं हे नंतर सोडवणं फार कठीण, आणि तोवर चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाऊ शकतं. हा एक दिवस आम्ही कमी करणार नाही.

वार्षिक देखभाल करार असलेल्या दवाखान्यांना संशयित दुहेरी खात्यांची यादी आम्ही दर महिन्याला पाठवतो. ती उघडून पाहणाऱ्यांचे फोन आम्हाला क्वचितच येतात. रिसेप्शनवर नवीन माणूस रुजू झाला तर पहिल्याच आठवड्यात कळवा, तासाभराचं प्रशिक्षण याच करारात आहे.