तुरटी, फॉस्फेट कमी करणारी गोळी आणि डायलिसिसचं पाणी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, हे आपल्याकडे आजीच्या काळापासून चालत आलंय. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीच घालतात, त्यातल्या अॅल्युमिनियममुळे गाळ एकत्र येतो, खाली बसतो आणि पाणी नितळ होतं. पिणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, कारण पोटातून रक्तात जाणारं अॅल्युमिनियम एक टक्क्याहूनही खूप कमी असतं आणि जेवढं जातं तेवढं किडनी लघवीवाटे काढून टाकते. पण डायलिसिसच्या पेशंटची किडनीच बंद असते. वर मशीनमध्ये पाण्यापासून बनवलेलं द्रावण मिनिटाला साधारण 500 मिली फिरतं म्हणजे 4 तासांच्या एका बैठकीला 120 लिटर, आठवड्याला 3 वेळा धरलं तर 360 लिटर पाणी रक्ताच्या शेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. एवढं पाणी माणूस काही महिन्यांत पितो!

1960 साली सिॲटलला डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारा शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांना जोडलेली नळी, बसवला आणि तेव्हापासून किडनी गेलेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू शकतो हे सिद्ध झालं. त्याआधी पेशंट इतका जगतच नव्हता, त्यामुळे हळूहळू साचणारं विष कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता.

1972 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या ऍलन ऍल्फ्री आणि सहकाऱ्यांनी एका विचित्र आजाराची नोंद केली. चांगले बोलणारे पेशंट अडखळायला लागायचे, आधी फक्त डायलिसिस झाल्यावर, मग कायमचेच, नंतर अंगाला झटके, फिट्स, स्मृती जाणं आणि काही महिन्यांत मृत्यू. 1976 मध्ये त्यांनी मेंदूतलं अॅल्युमिनियम मोजलं तर या आजाराने गेलेल्यांच्या मेंदूच्या करड्या भागात किलोमागे 25 मिलीग्रॅम, डायलिसिसवरच्या पण हा आजार नसलेल्यांत 6.5 आणि निरोगी किडनीवाल्यांत 2.2. डेन्व्हरवाल्यांचा संशय गोळ्यांवर होता. किडनी बंद पडली की रक्तात फॉस्फेट साचतं, ते कमी करायला तेव्हा सगळ्यांनाच अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड द्यायचे, जेवणाबरोबर, रोज, वर्षानुवर्षं.

इकडे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला पेशंटची हाडं काहीही न होता मोडत होती आणि व्हिटॅमिन डी देऊनही सुधारत नव्हती. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की नुसतं सॉफ्टनरचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास होतो, डीआयोनायझरच्या, म्हणजे विरघळलेले जवळजवळ सगळे क्षार काढलेल्या पाण्यावर असलेल्यांना फारसा नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, अॅल्युमिनियम नाही. मग 1979 मध्ये ब्रिटनमधल्या 18 केंद्रांतल्या 1,293 पेशंटची पाहणी छापून आली आणि मोडणारी हाडं आणि मेंदूचा आजार दोन्हींचा धागा पाण्यातल्या अॅल्युमिनियमशी जुळला. द्रावणातलं अॅल्युमिनियम अगदी थोडं असलं तरी रक्तात आलं की ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनला चिकटून बसतं, परत पलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक बैठकीत थोडं थोडं साचतच राहतं.

मग गोळ्या निर्दोष का? अजिबात नाही. ज्यांचं डायलिसिस कधी झालंच नव्हतं अशा किडनीच्या आजाराच्या लहान मुलांनाही या औषधामुळे मेंदूचा तोच आजार झाला. त्यात सायट्रेट असलेलं दुसरं औषध सोबत दिलं की पोटातून अॅल्युमिनियम कितीतरी जास्त शोषलं जातं, हे 1980 च्या दशकात काही मृत्यूंनंतर कळलं. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दोन औषधं वेगवेगळी बघितली तर दोन्ही साधी दिसतात.

उपाय म्हणून डेफेरॉक्सामाईनचं इंजेक्शन आलं, अॅल्युमिनियम ओढून काढणारं. त्याने बरेच जण सुधारले, पण काहींना म्युकरमायकोसिस झाला, कोविडच्या वेळी आपण सगळ्यांनी ऐकलेला तोच म्युकर, कारण हे औषध त्या बुरशीला लोह पुरवतं. म्हणजे पाण्यात झालेली चूक औषधाने निस्तरायला गेलो तर तिथेही सांभाळूनच.

यातूनच डायलिसिसच्या पाण्यासाठी वेगळे नियम आले, अॅल्युमिनियम लिटरला 0.01 मिलीग्रॅमच्या वर चालत नाही. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, दुसरा स्रोत नसेल तर, 0.2 पर्यंत चालतं, म्हणजे 20 पट. आज डायलिसिस सेंटरमध्ये सँड फिल्टर, सॉफ्टनर, कार्बन आणि मग आरओ असा सगळा पसारा असतो तो याच्यासाठी, आणि क्लोरीनसाठी सुद्धा, कारण पाण्यातलं क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात.

तरी 1996 मध्ये कुरासाओ बेटावर एका डायलिसिस केंद्राकडे जाणारा पाइप बदलला, आतून सिमेंटचा थर असलेला. समुद्राच्या पाण्याची वाफ गार करून मिळवलेलं तिथलं शुद्ध पाणी त्या सिमेंटमधलं अॅल्युमिनियम ओढत होतं. 27 पैकी 10 पेशंट गेले. पाइप बदलणाऱ्यांच्या डोक्यात पेशंट आलेच नसणार.

फॉस्फेटसाठी आता कॅल्शियमची औषधं, सेव्हेलामर वगैरे देतात. पण मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अॅसिडिटीच्या बऱ्याच सिरपमध्ये आजही अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड असतं, त्यामुळे घरात कुणी डायलिसिसवर असेल तर बाटलीवरचं लेबल वाचा आणि देण्याआधी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा.