काट्यावर तीन किलो

रोबो-सुमोची, म्हणजे रोबोंच्या जपानी कुस्तीची, चित्रफीत पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटतं की ती कुणीतरी पळवून दाखवली आहे. पंचाचा इशारा होतो, दोन चपटे धातूचे ठोकळे जागीच गर्रकन फिरतात, एकमेकांवर झेपावतात आणि पापणी लवायच्या आत त्यांतला एक रिंगणाबाहेर फेकला गेलेला असतो. चित्रफीत मूळ वेगातलीच असते. लढतीला तीन मिनिटांचा अवधी असतो खरा, पण तगड्या यंत्रांच्या बऱ्याच झटापटी सेकंदाभरात निकाली निघतात.

हा खेळ जपानमधला. फुजी सॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक हिरोशी नोझावा यांच्या डोक्यातून तो निघाला. १९८९ मध्ये प्रात्यक्षिकासारखी एक स्पर्धा झाली, तिच्यात ३३ रोबो होते. १९९० च्या पहिल्या अधिकृत स्पर्धेत ते १४७ झाले. नियम खऱ्या सुमोवरूनच उचलले आहेत. गोल आखाड्याला दोह्योच म्हणतात, मधोमध दोन शिकिरी रेषा, म्हणजे लढतीच्या सुरुवातीच्या रेषा, असतात आणि प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर काढलं की युको, म्हणजे गुण, मिळतो. दोन युको आधी मिळवणारा जिंकला. माणसांचा दोह्यो ४.५५ मीटर व्यासाचा असतो, रोबोंचा १.५४ मीटरचा, म्हणजे साधारण एक तृतीयांश.

एका बाबतीत मात्र रोबोंनी मूळ खेळाशी फारकत घेतली आहे. व्यावसायिक सुमोत वजनगट नाहीत. दीडशे किलोच्या मल्लासमोर शंभर किलोचा मल्लही उभा राहतो. रोबोंना ती मुभा नाही. मुख्य गटात वजन जास्तीत जास्त ३ किलो, तळ २० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात मावणारा, उंचीवर बंधन नाही. काही रोबो रिमोटने चालवले जातात. काही स्वयंचलित असतात, म्हणजे इशारा झाल्यावर माणसाने हातही लावायचा नाही. लढणाऱ्या दोघांचंही वजन सारखंच. मग जिंकायचं कशाच्या जोरावर?

मोटरच्या, असं उत्तर चटकन सुचतं, पण ते अर्धंच बरोबर आहे. मोटर फक्त चाक फिरवते. यंत्राला पुढे ढकलतं ते चाक आणि जमीन यांच्यातलं घर्षण, आणि घर्षणाला मर्यादा असते. ती ठरते दोन गोष्टींवरून: टायर आणि जमीन यांची एकमेकांवरची पकड, आणि चाक जमिनीवर किती जोराने दाबलं गेलं आहे ते. ३ किलोचं यंत्र जमिनीवर सुमारे ३० न्यूटनने दाबतं. घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, १ धरला, तर ते ३० न्यूटनपेक्षा जास्त जोराने ढकलूच शकत नाही. त्यात याहून दांडगी मोटर बसवली, तर चाकं जागच्या जागी घसरत फिरतील, एवढंच. वर घसरत्या चाकाची पकड सहसा न घसरणाऱ्या चाकापेक्षा कमीच असते. त्यामुळे टायरसाठी मऊ सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन वापरतात, आणि दोन लढतींच्या मध्ये स्पर्धक चिकटपट्टीवर चाकं फिरवून धूळ काढत बसलेले दिसतात. धुळीचा पातळ थरसुद्धा पकड खातो.

पण चांगले टायर दोघांकडेही असतात. तेव्हा खरी चढाओढ लागते ती दाबाची. प्रतिस्पर्ध्याचा जमिनीवरचा दाब कमी करा, नाहीतर स्वतःचा वाढवा.

पहिलं काम करतं पातं. रोबोचं नाक उताराच्या पाचरीसारखं असतं आणि त्याच्या टोकाला धारदार पोलादी पातं बसवलेलं असतं. ते प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरलं की त्याच्या वजनाचा काही भाग आपल्या चाकांवर येतो. समजा किलोभर आला. त्याच्याकडे जमिनीवर दाबायला २ किलो उरले, आपल्याकडे ४ झाले. एका झटक्यात दुप्पट! मोटरमध्ये काहीही न बदलता. म्हणूनच पातं आणि जमीन यांच्यात कागदाएवढीही फट राहू नये म्हणून सगळा आटापिटा चालतो. ज्याचं पातं अधिक खाली, तो वरचढ. अर्थात पात्याने दोह्योवर चरे पाडायला बंदी आहे, त्यामुळे ते फार दाबून बसवूनही चालत नाही.

दुसरं काम करतो चुंबक, आणि मला या खेळातली सर्वांत चतुर गोष्ट हीच वाटते. मोठ्या गटाचा दोह्यो पोलादी असतो. यंत्राच्या पोटाखाली निओडिमियमचे चुंबक जमिनीला टेकणार नाहीत इतपत वर बसवले, की रिंगण स्वतःच यंत्राला खाली ओढतं. वजनकाट्यावर आकडा ३ किलोच दिसतो, पण दोह्योवर दाब पडतो त्याच्या कित्येक पट. जी पळवाट होती ती पुढे खेळाचा कणाच होऊन बसली.

चुंबकाने ब्रेकचा प्रश्नही सुटला. ताशी सातेक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेगाने धावणारं यंत्र नुसत्या वजनाच्या घर्षणावर थांबायला सुमारे २० सेंटिमीटर घेतं. दोह्योच्या कडेची पांढरी पट्टी आहे ५ सेंटिमीटरची. तळाच्या संवेदकाला पट्टी क्षणार्धात दिसते, प्रोसेसर आणखी कमी वेळात निर्णय घेतो, आणि यंत्र तरीही खाली पडतं. चुंबकाने दाब दहापट केला, तर तेच अंतर दोन सेंटिमीटरवर येतं.

मात्र चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने घटते. पात्याने नाक मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचललं, तरी पुढच्या चुंबकांची पकड एकदम ढिली होते आणि दहापट दाबाच्या भरवशावर उभं असलेलं यंत्र पुन्हा ३ किलोंच्या दिशेने घसरतं. चुंबक आले म्हणून पात्याचं महत्त्व कमी झालं नाही, उलट वाढलं. ते क्षणात बाहेर उडणारे ठोकळे दिसतात ते यामुळे.

स्वयंचलित यंत्रांना समोरचा दिसतो अवरक्त किंवा लेझर संवेदकांनी. किरण सोडायचे, ते परत आले तर समोर कुणीतरी आहे. याची तोडही लगेच निघाली: यंत्राला मंद काळा रंग द्यायचा, म्हणजे बरेचसे किरण शोषलेच जातात. कुणी लढत सुरू होताच बाजूला झेंड्यासारखा पडदा उघडतात, समोरचा रोबो त्या पडद्यावर धावून जातो आणि बगल मोकळी पडते. सुरुवातीनंतर यंत्राने आकार वाढवायला हरकत नसते, फक्त तुकडे सुटे होता कामा नयेत. समोरच्याच्या संवेदकांत मुद्दाम व्यत्यय आणायला मात्र बंदी आहे. द्रव, भुकटी किंवा वायू सोडायलाही. चिकट टायरही चालत नाहीत, आणि ते पकडायची युक्ती तर फारच साधी: रोबो कागदावर ठेवून उचलायचा, कागद चाकांना चिकटून वर आला, तर यंत्र बाद.

जपानची राष्ट्रीय स्पर्धा विभागवार चाचण्यांतून पुढे सरकते आणि अंतिम फेरी टोकियोच्या र्‍योगोकु कोकुगिकानमध्ये होते. खऱ्या सुमोच्या मोठ्या स्पर्धा होतात, तेच हे सभागृह. तिथे आंतरराष्ट्रीय फेरीही होते. देशोदेशीच्या पात्रता स्पर्धांचे विजेते तिच्यात उतरतात, आणि मेक्सिको, तुर्कस्तान अशा देशांचे संघ यजमानांना घाम फोडतात. युरोपात एस्टोनियाची रोबोटेक्स आणि रुमानियाची रोबोचॅलेंज या नावाजलेल्या स्पर्धा आहेत. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या रोबोगेम्समध्येही सुमोचे गट असतात.

बहुतेक ठिकाणी लहान गटही असतात. मिनी गटात १० सेंटिमीटरचा तळ, ५०० ग्रॅम वजन आणि ७७ सेंटिमीटरचा दोह्यो. त्याहून छोटा मायक्रो गट, ५ सेंटिमीटरचा घन आणि १०० ग्रॅम. नॅनो गटात तर अडीच सेंटिमीटरच्या घनात मोटर, बॅटरी, संवेदक सगळं बसवून २५ ग्रॅमच्या आत राहायचं. मला स्वतःला मिनी गट अधिक आवडतो. अनेक ठिकाणी त्याचा दोह्यो पोलादी नसतो, त्यामुळे चुंबकाचा आधार संपतो आणि ब्रेकचं जुनं गणित परत समोर येतं: सेकंदाला १ मीटर वेग, थांबायला ५ सेंटिमीटर, पांढरी पट्टी अडीचच. मग चाकं मागे सरकवून नाक लांब ठेवायचं, म्हणजे पुढचा भाग कडेबाहेर गेला तरी जमिनीला टेकत नाही तोवर यंत्र हरत नाही. किंवा सरळ वेगच कमी ठेवायचा आणि समोरच्याने धावून यायची वाट पाहायची.