घड्याळ घेताना आधी पाठ बघा
१९५० ते १९७५ या काळातली भिंतीवरची आणि टेबलावरची घड्याळं घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात शिरल्या शिरल्या बहुतेकांची नजर समोरच्या भिंतीवरच्या सूर्यावर जाते. मधोमध सोनेरी तबकडी, भोवती सागाचे निमुळते किरण. "हेच द्या," असं गिऱ्हाईक म्हणेपर्यंत आम्ही ते खिळ्यावरून उतरवून त्यांच्या हातात पालथं ठेवलेलं असतं. काहींना हे विचित्र वाटतं. पण घड्याळाच्या चेहऱ्यावर माणूस भुलतो. ते चालेल का, मूळचं आहे की जोडाजोडीचं आणि सांगितलेली किंमत रास्त आहे का, ते मात्र पाठीवरच कळतं.

आधी एक खुलासा. आमच्या बिलावर तुम्हाला 'अँटिक' हा शब्द दिसणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरायला साधारणपणे निदान शंभर वर्षांचं वय लागतं. १९५५ चं घड्याळ तुमच्या आईच्या किंवा आजीच्या वयाचं असेल, पण ते अँटिक नव्हे. ही घड्याळं दुसऱ्या महायुद्धानंतरची. नक्षी, कळस, रोमन आकडे यांना फाटा देऊन साध्या रेषा, लाकूड आणि धातू यांवर भागवणाऱ्या काळातली. आजोळच्या ओसरीवर टोले देणारं लंबकाचं घड्याळ मनात असेल, तर ते वेगळं घराणं. तेही आम्ही दुरुस्त करतो, पण हे पत्रक त्याचं नाही.

आकडे कुठे गेले?

या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं घड्याळ म्हणजे बॉल क्लॉक. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या झीलंड गावच्या हॉवर्ड मिलर कंपनीसाठी डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयाने १९४८-४९ च्या सुमारास ते तयार केलं. मॉडेल क्रमांक ४७५५. मध्ये पितळी गाभा, त्यातून निघालेल्या बारा पितळी काड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक लाकडी गोळा. आकडा एकही नाही. व्यास जेमतेम १३ इंच, म्हणजे फोटोत वाटतं त्यापेक्षा बरंच लहान. मोठ्या हॉलच्या उंच भिंतीवर ते हरवून जातं, हे घेण्याआधी कागदाचा गोल कापून भिंतीला लावून बघा.

हे नेमकं कुणी काढलं, याची गोष्ट मजेशीर आहे. नेल्सन सांगत, की एका रात्री शिल्पकार इसामु नोगुची, घुमटांच्या रचनांसाठी गाजलेले बकमिन्स्टर फुलर, नेल्सन यांच्याच कार्यालयातले डिझायनर आयर्विंग हार्पर आणि ते स्वतः असे चौघे पीत बसले होते आणि एकमेकांच्या हातातून कागद ओढून घड्याळं काढत होते. सकाळी पाहतात तर त्या भेंडोळ्यावर हे चित्र, आणि काढलं कुणी ते कुणालाच आठवेना! आज जाणकार श्रेय हार्पर यांना देतात. आमचंही मत तेच. पार्टीत चित्र निघेल, पण बारा गोळे सारख्या अंतरावर बसवून ते कारखान्यात रोज बनवता येईल असं करायला दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असलेला माणूस लागतो.

आकडे गाळण्यामागे नेल्सन यांचा हिशेब सरळ होता. लोक आकडे वाचत नाहीत, काट्यांचा कोन बघतात. शिवाय मनगटावर घड्याळ आल्यापासून भिंतीवरचं घड्याळ बरंचसं शोभेचं झालं होतं. लहान मुलांना घड्याळ शिकवायचं असेल तर मात्र हे घेऊ नका. तसा अनुभव घेऊन परत आलेले पालक आम्ही पाहिले आहेत.

ज्यांना आकडे हवेत त्यांनी स्विस डिझायनर माक्स बिल यांचं स्वयंपाकघरातलं घड्याळ बघावं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्राम्बेर्ग गावात १८६१ मध्ये सुरू झालेल्या युंगहान्स कंपनीने ते १९५६ च्या सुमारास आणलं. फिक्या रंगाचं चिनीमातीचं अंग, वर वेळेची तबकडी आणि खाली मिनिटं मोजणारी एक छोटी तबकडी. खालची चावी फिरवायची, की तेवढी मिनिटं झाल्यावर घंटा वाजते. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या घरात याचा उपयोग काय, असं एका काकूंनी विचारलं होतं. त्यांनीच ते नेलं आणि आता त्यावर अंडी उकडतात.

इटलीचं सिफ्रा ३ हे तिसरं. वास्तुविशारद जिनो वाल्ले यांनी १९६५ च्या सुमारास उदिने शहरातल्या सोलारी कंपनीसाठी केलेलं. आडवा प्लास्टिकचा नळकांडा, काटे नाहीत, आकड्यांच्या पट्ट्या पटकन खाली पडतात. विमानतळावरच्या फडफडणाऱ्या जुन्या फलकांसाठी जगभर ओळखली गेली तीच ही सोलारी.

पाठीवर काय दिसतं

पालथं केल्यावर तीनपैकी एक दिसेल: चावीचं भोक, सेलची खाच किंवा वायर.

चावीचं मशीन सर्वांत समजूतदार. बहुतेक आठ दिवसांचं असतं. आठवड्याचा एक वार ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण चावी द्या. "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" ही समजूत खोटी आहे. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, पूर्ण गुंडाळली की चावी थांबते, त्यापुढे जोर करू नका इतकंच. पूर्ण चावी असूनही घड्याळ बंद असेल तर आत तेल वाळून चिकट झालेलं असतं. दोन भोकं असतील तर एक वेळेचं, दुसरं टोल्यांचं. टोल्यांच्या घड्याळात मोठा काटा मागे फिरवू नका. पुढेच न्या आणि प्रत्येक तासाला टोले पूर्ण होऊ द्या.

सेलवर चालणारी साठच्या दशकातली जर्मन घड्याळं आजच्या क्वार्ट्झसारखी, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर वेळ मोजणारी, नाहीत. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, चुंबक आणि एक ट्रान्झिस्टर असतो. ती १.५ व्होल्टच्या जाड सेलवर चालतात. रिचार्जेबल सेल बहुधा १.२ व्होल्टचा असतो, त्यावर घड्याळ रडत चालतं आणि दोष मशीनला दिला जातो. खाचेतल्या पत्र्यावर पांढरं-हिरवं साचलेलं दिसलं तर सेल कधीतरी आत गळला आहे. पत्रा वाचवता येतो, पण वेटोळ्याची केसासारखी तार गंजून तुटली असेल तर खर्च घड्याळापेक्षा जास्त. म्हणून अशा घड्याळात सेल घालून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आम्हालाही.

वायर दिसली तर थांबा

गेल्या वर्षी एक गृहस्थ न्यू जर्सीहून मुलाने पाठवलेलं घड्याळ घेऊन आले. विजेवर चालणारं, पन्नासच्या दशकातलं, देखणं. मुलगा हुशार, त्याने सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही पाठवला होता. घड्याळ चालत होतं, आवाजही नव्हता. पण दुपारी बाराला लावलेलं घड्याळ संध्याकाळी सहाला पाच वाजल्याचं दाखवत होतं. दोन दुकानांत त्यांनी ते उघडून, साफ करून घेतलं होतं. फरक शून्य.

मशीन अगदी ठणठणीत होतं. या घड्याळात वेळ मोजणारा भाग असा काही नसतोच. आतली मोटर विजेच्या लाटांबरोबर फिरते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. म्हणजे अमेरिकन घड्याळ इथे तासाला ५० मिनिटंच पुढे सरकतं. तासाला दहा मिनिटं मागे, दिवसाला चार तास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हेलकावे बदलत नाही. आणि ट्रान्सफॉर्मर न लावता थेट २३० व्होल्टला जोडलं तर मोटरचं वेटोळं जळतं.

उपाय दोन. ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० हेलकावे, देणारा छोटा इन्व्हर्टर बसवायचा किंवा आत क्वार्ट्झ मशीन घालायचं. पहिला महाग आणि भिंतीवर आणखी एक डबा. दुसरा केला तर काढलेली मोटर आम्ही पुडीत बांधून परत देतो. ती फेकू नका. उद्या ते घड्याळ जाणकाराला विकायचं झालं तर त्या पुडीची किंमत कळेल.

ब्रिटिश घड्याळांचं तसं नाही. स्मिथ्स कंपनीची 'सेक्ट्रिक' घड्याळं २०० ते २५० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठीच केलेली, त्यामुळे आपल्या विजेवर ती बरोबर चालतात. पहिल्यांदाच हे सुख अनुभवायचं असेल तर आमचा सल्ला ब्रिटिश घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या काही मॉडेलांना वीज आल्यावर मागची कळ बोटाने फिरवून सुरू करावं लागतं, नाहीतर ती नुसती बसून राहतात. दिवे सारखे जाणाऱ्या भागात याचा कंटाळा येईल. आणि मूळ रबरी वायर हमखास तडकलेली असते. ती बदलल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका, मग विकणारा काहीही सांगो. आपल्या ग्रिडवर वीज ५० ऐवजी ४९.९५ हर्ट्झवर दिवसभर राहिली तर हे घड्याळ जवळजवळ दीड मिनिट मागे पडेल. ते घड्याळाचं दुखणं नव्हे, आमच्याकडे आणू नका.

कलमी घड्याळं

पाठीवर काळी चौकोनी प्लास्टिकची डबी आणि आत पेन्सिल सेल दिसला तर ते क्वार्ट्झ. सत्तरच्या दशकानंतर आत घातलेलं किंवा घड्याळच नवीन. यात गुन्हा काही नाही. बॉल क्लॉक आज व्हिट्रा कंपनी परवान्याने बनवते, तेही क्वार्ट्झवरच. गुन्हा आहे तो नव्याला जुनं म्हणून विकण्यात.

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला किंवा पुण्यात जुन्या बाजारात फिरताना एक गोष्ट आवर्जून बघा: मशीन ज्या स्क्रूंनी बसवलंय त्याशेजारी रिकामी, जुनी भोकं आहेत का. असतील तर अंग एकाचं, मशीन दुसऱ्याचं. आम्ही अशा घड्याळाला 'कलमी' म्हणतो. कलमी आंब्याला भाव जास्त, कलमी घड्याळाला कमी. काट्यांची लांबीही बघा. मिनिटकाट्याचं टोक खुणांपर्यंत पोचत नसेल किंवा त्यांच्या पुढे जात असेल तर काटे बाहेरचे आहेत. आणि सगळं घड्याळ जुनाट, पण स्क्रूंचे माथे मात्र चकचकीत, हेही शंकेचं लक्षण.

अंधारात चमकणारे आकडे

जुन्या गजराच्या घड्याळांत काट्यांवर आणि आकड्यांवर हिरवट-तपकिरी लेप दिसतो. साठच्या दशकापर्यंत त्यात पुष्कळदा रेडियम असे. आता तो अंधारात चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं संपला. संपला तो चमकणारा पदार्थ. रेडियम अर्धं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल आणि घड्याळ कपाटात शोभेला असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण ते उघडू नका, लेप खरवडू नका, फुंकर मारू नका, उशाशी ठेवू नका. काच फुटलेलं असं घड्याळ आम्ही विकत घेत नाही आणि दुरुस्तीलाही घेत नाही.

घरी नेल्यावर

सर्वांत मोठा शत्रू आपला पावसाळा. किरणांवरचा पातळ सागाचा पापुद्रा ओलीने सुटतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर किंवा शेगडीच्या वर घड्याळ लावू नका. कोकणात आणि गोव्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर ते उतरवून सुती कापडात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक ब्रिटिश सूर्य-घड्याळ आलं होतं. किरण मळकट, पितळेचे वाटले. आम्ही पॉलिश लावून घासले. अर्ध्या तासात फडकं सोनेरी झालं आणि किरण पांढरे पडले. ते पितळ नव्हतंच, ॲल्युमिनियमवर दिलेला सोनेरी रंग होता. तेव्हापासून नियम: पितांबरी, चिंच, लिंबू हे सगळं देवघरातल्या समया-ताम्हणांसाठी. घड्याळावर फक्त कोरडा मऊ ब्रश. खऱ्या पितळेवरही कारखान्याचं लाखेचं संरक्षण असतं, ते गेलं की महिनाभरात डाग पडतात.

तेलाचंही तेच. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल आणि गंज सोडवणारा फवारा, या तिन्ही गोष्टी घातलेली घड्याळं आमच्या टेबलावर आली आहेत. फवारा सर्वांत वाईट: दोन दिवस घड्याळ पळतं, मग धूळ धरून बसतं. मशीनला तेल टाचणीच्या टोकाएवढं लागतं, तेही साफ केल्यावर आणि ठरावीक जागीच. तीन-चार वर्षांतून एकदा आणा, पुरेसं आहे.

आमचा व्यवहार

विकण्याआधी प्रत्येक घड्याळ आमच्या भिंतीवर पंधरा दिवस चालतं. दिवसाचा फरक किती ते कार्डावर लिहून घड्याळासोबत देतो. चावीच्या मशीनला दिवसाला एक-दोन मिनिटांचा फरक आम्ही दोष मानत नाही. मशीन मूळचं, बदललेलं की कलमी, हे बिलावर स्पष्ट लिहिलेलं असतं. चावीच्या मशीनची जबाबदारी सहा महिने. तुटलेली काच, सेलची गळती आणि घरी कुणी घातलेलं तेल यात धरलेलं नाही. लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला आणताना लंबक काढून वेगळा कागदात गुंडाळा. स्कूटरवरून आलेल्या घड्याळांत आम्हाला लंबकाची पट्टी मोडलेलीच सापडते.

फोटो पाठवून किंमत विचारणार असाल तर पाठीचे दोन फोटो पाठवा, एक झाकण लावून, एक उघडून. समोरचा एक पुरे.