फावडं घेतलेला सरदार आणि २५ रंग

‘शव्हल नाइट’ हा गेम २०१४ साली आला, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो ऐंशीच्या दशकातलाच वाटतो. निळं चिलखत घालून हातात फावडं घेतलेला छोटा सरदार, मोजके रंग, ठळक ठिपके आणि टिवटिवणारं संगीत. अमेरिकेतल्या यॉट क्लब गेम्सच्या छोट्या चमूने तो लोकवर्गणीतून उभा केला. हवं ते चित्र काढता येईल इतकी ताकद हाताशी असूनही त्यांनी निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या यंत्राची चौकट आपणहून पत्करली. ती कुठे पाळली आणि कुठे मोडली, हे पाहणं मला खेळण्याइतकंच आवडतं.

ते यंत्र म्हणजे जपानचं फॅमिकॉम, अमेरिकेतलं एनईएस. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळायचे कॅसेटवाले जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळत, त्यांतले बरेचसे याच यंत्राच्या नकला होत्या. मारिओ आणि कॉन्ट्रा खेळून मोठ्या झालेल्या पिढीला त्याची चण आधीपासून ठाऊक आहे.

त्याची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके. रंग पन्नासहून थोडे अधिक, पण एका वेळी दिसणार फक्त २५. हा आकडा येतो असा: मागच्या दृश्यासाठी चार रंगपेट्या, हलणाऱ्या आकृत्यांसाठी आणखी चार, प्रत्येकीत तीन रंग, वर सगळ्यांना सामाईक असा पार्श्वभूमीचा एक. म्हणजे एका आकृतीच्या वाट्याला तीनच रंग. चेहरा, कपडे, बाह्यरेषा, सगळं त्यातच बसवायचं! त्या काळची पात्रं दुरूनही चटकन ओळखू येतात, त्याचं श्रेय बरंचसं या टंचाईला जातं.

दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. यंत्र चित्र एकेका आडव्या ओळीने काढत असे आणि एका ओळीत आकृत्यांचे आठच तुकडे दाखवू शके. प्रत्येक तुकडा आठ ठिपके रुंद. नववा आला की तो दिसायचाच नाही. शत्रू असा अदृश्य झाला तर खेळणाऱ्यावर अन्यायच. म्हणून प्रोग्रॅमर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, गाळायचा तुकडा बदलत. सेकंदाला साठ फ्रेम असल्याने कुणी कायमचं नाहीसं होत नसे, सगळे लुकलुकत. गर्दी झाली की मारिओच्या काळातली पात्रं थरथरल्यासारखी दिसायची, ती यामुळे.

‘शव्हल नाइट’ने ही लुकलुक टाकून दिली. सरदाराला तीनपेक्षा जास्त रंग दिले, मूळ रंगांत काही नव्या छटांची भर घातली, पडदा २५६ऐवजी ४०० ठिपके रुंद केला आणि मागचे डोंगर-ढग वेगवेगळ्या गतीने सरकवले. जुन्या यंत्रात पार्श्वभूमीचा थर एकच असल्यामुळे हे फार मर्यादित युक्त्यांनीच साधे. संगीतात मात्र शिस्त कडक. मूळ यंत्राचे पाच आवाज आणि कोनामी कंपनीच्या जपानी कॅसेटींमधल्या एका जादा चिपचे तीन, एवढ्यावरच ते बांधलं आहे. थोडक्यात, हा गेम जुन्या यंत्राची नक्कल करत नाही. त्या यंत्राची जी आठवण आपण जपली आहे, तिला तो जागतो. आठवणीत लुकलुक उरलेली नसते.

आता खुद्द त्या चौकोनी ठिपक्यांचं पाहा. ‘रेट्रो’ म्हटलं की धारदार कडांचे चौकोन डोळ्यांसमोर येतात, पण जुन्या काचेच्या टीव्हीवर ते तसे कुणी पाहिलेच नाहीत. इलेक्ट्रॉनचा झोत काचेमागच्या फॉस्फर या चमकणाऱ्या लेपावर आदळून जो ठिपका उजळे, त्याच्या कडा मऊ असत. अँटेनाच्या वायरीतून येताना शेजारचे रंग एकमेकांत सांडत, आणि चित्रकार याचा फायदा घेत. १९९१च्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या, एकाआड एक रेषांनी रंगवला होता. टीव्हीवर त्या विरघळून पाणी पारदर्शक भासे. तोच गेम आजच्या सपाट पडद्यावर लावा, रेषा उघड्या पडतात. नव्या गेमचे चित्रकार मुळात सपाट पडद्यासाठीच काढतात. २०१८चा ‘सेलेस्ट’ ३२० गुणिले १८० ठिपक्यांचा आहे. बरोबर सहापट केला की तो १९२० गुणिले १०८०च्या पडद्यावर कुठलाही ठिपका न फाटता बसतो.

याच ‘सेलेस्ट’मध्ये आणखी एक बदल आहे, जो डोळ्यांना दिसत नाही पण बोटांना जाणवतो. बहुतेक जुन्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटला की उडी गेलीच. इथे पाय सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंदभर उडीचं बटण चालतं. जमिनीवर टेकण्याआधीच घाईने दाबलं, तर ती उडी क्षणभर राखून ठेवली जाते. डोकं कोपऱ्याला किंचित घासलं, तर गेम पात्राला हळूच बाजूला सरकवतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. फ्रेम मात्र सेकंदाच्या साठाव्या भागात बदलते. या दोन वेगांमधली दरी निर्मात्यांनी खेळणाऱ्याच्या बाजूने भरून काढली. म्हणूनच ‘सेलेस्ट’ अतिशय अवघड असूनही त्यात शेकडो वेळा मरणारे लोक चिडून कंट्रोलर फेकत नाहीत, पुन्हा उडी मारतात.