जाणवलेला धोका: सामाजिक चिंतेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सामाजिक चिंता, म्हणजे चारचौघांसमोर आपले कसे होईल याची धास्ती, असलेल्या माणसाला धोका जाणवला की तो काय करतो? १९८० नंतर या प्रश्नाची चार उत्तरे पुढे आली. तो टाळतो, हे पहिले. तो स्वतःकडेच बघू लागतो, हे दुसरे. आधी धोका टिपतो आणि मग नजर फिरवतो, हे तिसरे. त्याची नजर तिथेच खिळते, हे चौथे. नव्या उत्तराने जुने पुरते पुसले नाही. त्यामुळे आजच्या लिखाणात चारही शेजारी शेजारी सापडतात आणि वाचणारा गोंधळतो.

‘सामाजिक प्रसंगांची भीती’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग १९०३ चा आहे. ‘लढा किंवा पळा’ ही शरीरशास्त्रातली कल्पना १९१५ ची, प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेली. समोर श्वापद असेल तर ती लागू पडते. समोर आठ माणसे आपल्या उत्तराची वाट बघत बसली असतील, तर लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. मग अंग थिजते, आवाज खाली जातो, मान झुकते, चेहरा लाल होतो. मराठीतले ‘भीड’ आणि ‘बुजणे’ हे शब्द या अवस्थेच्या फार जवळचे आहेत. फक्त स्वभाव कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो, हे ते सांगत नाहीत. ती रेघ १९६६ मध्ये ओढली जाऊ लागली. प्राण्यांची भीती लहानपणी सुरू होते, माणसांसमोरची भीती बहुधा वयात आल्यानंतर, असे तेव्हा दिसले आणि दोन्ही वेगळ्या मानल्या गेल्या.

१९८० मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार स्वतंत्र नोंद म्हणून आला, पण फार अरुंद व्याख्येत. चारचौघांत बोलणे, लिहिणे, खाणे अशा ठरावीक प्रसंगांची भीती तेवढी त्यात बसत होती. ज्याला सगळ्याच माणसांची धास्ती, त्याची रवानगी व्यक्तिमत्त्व विकारांच्या खान्यात व्हायची. १९८७ च्या सुधारणेने ही चूक बरीच दुरुस्त केली.

प्रयोगशाळेतले खरे काम १९८६ नंतर सुरू झाले. पडद्यावर दोन शब्द क्षणभर दिसतात, एक धास्तीचा आणि एक साधा. ते नाहीसे होतात आणि त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका येतो. ठिपका किती चटकन सापडला, यावरून लक्ष आधी कुठे होते ते ताडायचे. पुढे शब्दांची जागा चेहऱ्यांनी घेतली. २००४ च्या एका प्रयोगात रागीट चेहरा ५०० मिलिसेकंद दाखवला तेव्हा सामाजिक भीती असलेल्यांचे लक्ष तिकडे ओढलेले दिसले. १२५० मिलिसेकंदांना ती ओढ उरली नव्हती. तिसरे उत्तर बळावले ते इथे. त्याच सुमारास डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रे वापरात आली, आणि ही माणसे समोरच्याच्या डोळ्यांवर नजर ठरू देत नाहीत हेही नोंदले गेले.

मला मात्र १९९५ ची मांडणी या सगळ्यापेक्षा मोलाची वाटते. तिचे म्हणणे असे की धोका जाणवताच लक्ष आत वळते. आपण कसे दिसत असू, याचे एक चित्र माणूस मनात रंगवतो आणि तेच पुरावा म्हणून धरतो. सोबत ‘बचावाची वागणूक’ सुरू होते: हात थरथरू नये म्हणून पेला घट्ट धरणे, वाक्य मनात घोळवून मगच बोलणे, नजर चुकवणे. घट्ट धरलेला हात जास्तच थरथरतो. नजर चुकवणारा समोरच्याला तुटक वाटतो, समोरचाही आखडता होतो, आणि मनातला धोका बाहेर उतरतो.

म्हणूनच ‘काल्पनिक धोका’ हा मराठीत रुळू लागलेला शब्द मला सपशेल चुकीचा वाटतो. ‘आभासी’ही तसाच. ‘पर्सीव्ह्ड थ्रेट’ या मूळ इंग्रजी संज्ञेत धोका खोटा असल्याचा निवाडा नाही, तो माणसाला जाणवला एवढेच आहे. ‘जाणवलेला धोका’ म्हणावे. ही शब्दांची कुरकुर नाही, कारण २०१३ चा वाद नेमका याच जागी आहे.

त्या वर्षापर्यंत निदानासाठी एक अट होती: आपली भीती अवाजवी आहे, हे रुग्णाला स्वतःला कळत असले पाहिजे. मुलांना त्यातून सूट होती. त्याच वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने ही अट सर्वांसाठीच काढली. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीच्या मानाने जास्त आहे का, हे आता तपासणारा ठरवतो. बदलामागे कारण होते. चिंतेत असलेला माणूस धोका बहुधा मोठाच मोजतो, आणि वयस्कर माणसे भीतीचे खापर वयावर फोडतात. जुन्या अटीमुळे अशी माणसे निदानातून सुटत होती, हे मान्य.

पण ज्याची शाळेत वर्षानुवर्षे टिंगल झाली, जो अडखळत बोलतो, ज्याच्या बोलण्याच्या ढबीला लोक हसतात, त्याच्यापुढचा ‘प्रत्यक्ष धोका’ बाहेरच्या माणसाने कशाने मोजायचा? पूर्वी किमान त्याचे मत विचारावे तरी लागत होते. संभाषणाच्या काही प्रयोगांत या लोकांनी स्वतःला जेवढे कमी गुण दिले, तेवढे त्रयस्थांनी दिले नाहीत. तरी त्रयस्थांचे गुणही इतरांपेक्षा काहीसे कमीच होते. म्हणजे जाणवलेल्यात खऱ्याचा अंश होता. त्याच आवृत्तीने ‘आपल्यामुळे इतरांना त्रास होईल’ या भीतीलाही जागा दिली. जपानमध्ये ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वर्णिलेली आहे. हा बदल उत्तम, पण तो उशिरा झाला.

उपचारांच्या बाजूला २००९ मध्ये मोठी आशा निर्माण झाली होती. ठिपक्याचाच खेळ उलटा वापरून लक्ष धोक्यापासून वळवायला शिकवले गेले. ३६ जणांच्या एका चाचणीत, आठ बैठकांनंतर, शिकवलेल्या गटातले ७२ टक्के निदानाबाहेर गेले, दुसऱ्या गटातले ११ टक्के. २०१२ मध्ये हेच इंटरनेटवरून करून पाहिले तेव्हा दोन गटांत फरक दिसला नाही. ठिपक्याची ही मोजणी एकाच माणसाबाबत पुन्हा तशीच येत नाही, हा इशारा तर २००५ मध्येच मिळाला होता. २०१७ ची पद्धत वेगळी आहे. पडद्यावर सोळा चेहरे असतात, आणि साध्या चेहऱ्यांकडे बघत राहिले तरच आवडते संगीत चालू राहते. यामागचे गृहीत चौथ्या उत्तराचे: नजर धोक्यावर जरुरीपेक्षा जास्त वेळ रेंगाळते.

या घाईत १९९९ चा एक प्रयोग मागे पडला. त्यात काहींना आधी सांगितले गेले, की तुम्हाला थोड्या वेळाने भाषण करायचे आहे. सामाजिक भीती जास्त असलेल्यांचे लक्ष चेहऱ्यांवरून हटले ते तेव्हाच; तशी सूचना नसताना नाही. आणि ते फक्त रागीट चेहऱ्यांवरून नव्हे, हसऱ्या चेहऱ्यांवरूनही हटले. कौतुकाचीही भीती असते, हे मोजणारी प्रश्नावली त्यानंतर नऊ वर्षांनी आली.